गाडी दुरुस्ती शिकायची आहे, ७० हजारांच्या आत कोणती जुनी कार घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की हातात ७० हजार आहेत, घरासमोर गाडी उभी करायला जागा आहे, ऑफिसला रोज दुचाकीनं जाता आणि आजवर फक्त बाइकचा प्लग काढून साफ केलाय. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती दुचाकी. ज्या गाडीवर रोजचं येणं-जाणं अवलंबून असतं तिच्यावर शिकता येत नाही. रविवारी रात्री चाक निघालेलं, ब्रेक उघडा, आणि सोमवारी नऊला कामावर पोचायचंय, अशा घाईत बोल्ट मोडतात आणि माणूस पुन्हा पान्याला हात लावत नाही.

माझं उत्तर मारुती ८०० हेच आहे. ए.सी. नसलेलं स्टँडर्ड मॉडेल घ्या आणि चालू अवस्थेतली घ्या. मी कोल्हापूरचा. २०१९ साली २००९ची ८०० मी ५८ हजारांना घेतली, तेव्हा मला स्टेपनी बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. आज क्लच प्लेट सोडली तर बहुतेक कामं घरीच करतो.

‘चालू’ या शब्दावर मी अडून बसणार आहे, कारण तुम्हाला बरेच जण सांगतील की १५-२० हजारांत बंद पडलेली गाडी उचल आणि जिवंत कर. हे ऐकायला फार छान वाटतं. पण बंद गाडीत दहा दोष एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला एक तुम्ही बरोबर दुरुस्त केलात तरी गाडी बंदच राहते, म्हणजे आपलं बरोबर होतं की चूक हे कळायला मार्गच नाही. चालू गाडीत मात्र प्लग बदलण्याआधीचा आवाज आणि नंतरचा आवाज दोन्ही कानावर पडतात. ब्रेक शू बसवण्याआधी पेडल किती खाली जात होतं आणि आता किती जातं, ते पायाला समजतं. शिकणं या फरकातूनच होतं. तेव्हा सुरू होणारी, चालणारी, पण पाच-सात किरकोळ तक्रारी असलेली गाडी शोधा.

आता ८००च का? तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलंय आणि त्याच्या आजूबाजूला हात घालायला जागा आहे. गाडी साधारण साडेसहाशे किलोची, चाकं १२ इंची, त्यामुळे एकट्या माणसाला झेपते. क्लच केबलवर चालतो. पेडल दाबलं की नेमकं काय ओढलं जातं ते बॉनेट उघडून डोळ्यांनी बघता येतं, आणि केबलचं अ‍ॅडजस्टमेंट हे शिकाऊ माणसाचं पहिलं काम म्हणून अगदी योग्य आहे. स्टिअरिंगला पॉवर नाही. नंतरच्या मॉडेलांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, म्हणजे ब्रेकचे दोन्ही प्रकार एकाच गाडीवर शिकून होतात. ए.सी. नको म्हणतो ते याचसाठी, कॉम्प्रेसर आणि त्याचे पाइप नसले की पुढची सगळी जागा मोकळी राहते. शिवाय डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी ३० वर्षं ही गाडी बनत होती आणि देशात २५ लाखांहून अधिक विकली गेली. त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि कुठल्याही गॅरेजातल्या पन्नाशीच्या मिस्त्रीनं आयुष्यात शेकडो ८०० खोललेल्या असतात. अडलात तर विचारायला माणूस आहे, ही सोय लहान समजू नका.

एक प्रसंग सांगतो. घेतल्यावर चौथ्या महिन्यात माझी गाडी गरम व्हायला लागली. एका गॅरेजात नेली तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालची सीलची पट्टी) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, १२ हजार तयार ठेवा असं सांगितलं. उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही, फक्त विचारलं, “कधी गरम होतीया? हायवेला का सिग्नलला?” मी आठवून सांगितलं की हायवेला काटा जागचा हलत नाही, शहरात थांबलं की चढतो. “मग पळताना वारं कोण देतंय, आणि थांबल्यावर कोण द्यायला पायजे?” एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले.

घरी आल्यावर मी इंजिन सुरू ठेवून उभा राहिलो. काटा वर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरला नाही. इंजिन बंद केलं, पंख्याच्या वायरची जोडणी सोडवली आणि दोन वायरींनी बॅटरीचा करंट थेट पंख्याला दिला. पंखा जोरात फिरला, म्हणजे मोटर चांगली. फ्यूज काढून पाहिला, तोही शाबूत. मग त्या जोडणीत टॉर्च मारून बघितलं तर एक पिन हिरवी पडलेली, आमच्याकडच्या पावसाळ्याची करणी. पॉलिश पेपरनं पिन घासली, जोडणी घट्ट बसवली. १२ हजारांचं काम पाच रुपयांच्या कागदात झालं, पण मला त्याहून मोठं वाटतं ते मामांनी उत्तर न देता प्रश्न दिला हे. त्या दिवसापासून मी आधी विचारतो की दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, पाना त्यानंतर उचलतो.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली आणि कुलंटही (रेडिएटरमधलं पाणी) कमी असेल तर तिथून परत फिरा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, शिकायला म्हणून थोडा धूर चालेल, पण किंमत त्या हिशेबानं पाडून घ्या. पत्र्याच्या बाबतीत मात्र सवलत नाही. पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर दाबून बघा, दारांच्या खालची पट्टी आणि बॉनेटखाली जिथे पुढचं सस्पेन्शन बॉडीला बसतं ती जागा तपासा. इंजिनचे दोष तुम्ही हळूहळू काढाल, सडलेला पत्रा काढायला वेल्डिंग लागतं आणि ते घरासमोर होत नाही. म्हणून चांगलं इंजिन आणि खाल्लेला पत्रा, की थकलेलं इंजिन आणि धड पत्रा, असा प्रश्न आला तर मी डोळे झाकून धड पत्र्याची गाडी घेईन.

कागदपत्रांकडे शिकाऊ मंडळी बघतच नाहीत, आणि ७० हजारांच्या बजेटमध्ये तिथेच मार बसतो. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं असतं, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावं लागतं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली. आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण करही आहे. म्हणजे ३० हजारांत मिळणारी २००३ची गाडी दिसते तितकी स्वस्त नसते. जितकी अलीकडची मिळेल तितकी बघा. इथे एक गोष्ट उपयोगी पडेल: एप्रिल २०१०ला बी.एस.-४ (गाडीच्या धुराबद्दलचं कडक मानक) लागू झालं तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत ८००ची विक्री थांबली, बाकीकडे पुढेही सुरू राहिली. त्यामुळे २०११-१२ची गाडी हवी असेल तर पुण्यात हिंडण्यापेक्षा एम.एच. ०९, १० किंवा ११ (कोल्हापूर, सांगली, सातारा) पासिंगची शोधा. चासी आणि इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः जुळवून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा, चलनं तपासा, आणि नाव लावून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. निदान थर्ड पार्टी विमा हवाच.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. अल्टो ही चांगली दुसरी निवड आहे, फक्त भाव जास्त. ओम्नीत जवळपास हेच इंजिन आहे, पण ते पुढच्या सीटखाली असल्यानं नवख्याला अडचण होते. जुन्या प्रीमियर पद्मिनी कारवर माझं मनापासून प्रेम आहे, तरी पहिली गाडी म्हणून ती घेऊ नका, शिकण्यापेक्षा भाग शोधण्यात रविवार जातील. जुनी डिझेल कार नको. तिचा पंप आणि इंजेक्टर घरी खोलायची वस्तू नाही.

७० हजारांतले दहा हजार गाडीला लावूच नका, हत्यारांसाठी ठेवा. १०, १२, १४, १७चे रिंग पाने आणि चांगल्या पोलादाचा गोटी (सॉकेट) सेट घ्या, हलका सेट बोल्टचे कोपरे खातो. मल्टिमीटर घ्या. आणि सगळ्यात आधी दोन जॅक-स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे पक्के आधार) घ्या. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त स्टेपनीसाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इंजिनचं जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

पहिला महिना ऑइल, फिल्टर, प्लग आणि क्लच केबल एवढ्यावरच राहा. मग मागचे ड्रम उघडा. तेव्हा दोन्ही बाजू एकदम खोलू नका. डावी बाजू खोललीत तर उजवी तशीच मिटलेली ठेवा. कुठली स्प्रिंग कुठे अडकत होती हे मोबाइलच्या फोटोत हमखास दिसत नाही. अशा वेळी उजवीकडचा ड्रम काढून बघितलं की सगळं जसंच्या तसं समोर असतं.