स्लॅब झालाय, इंटिरियरचं काम आत्ता काढू की घर पूर्ण झाल्यावर?

तुमचा स्लॅब आणि भिंती झाल्यात, गिलावा व्हायचाय, म्हणजे अगदी वेळेवर विचारलंत. सुताराला शेवटीच बोलवा, पण काय कुठे येणार हे आत्ताच ठरवा.

आमचं घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं, म्हणजे लाल जांभ्या दगडाचं. ‘आधी घर तर उभं राहू दे’ म्हणत बसलो. गिलावा, पुट्टी सगळं झालं आणि मग कळलं, पलंगाच्या उशाशी एकही बटण नाही आणि दोन सॉकेट कपाटामागे गाडले जाणार. पुन्हा कटर आला. चिऱ्यात झिरी मारताना काय लाल धूळ उडते म्हणून सांगू! शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडेसुद्धा तांबडे.

म्हणून वायरमन यायच्या आधी रिकाम्या खोलीत खडूने पलंग, कपाट, फ्रिज खऱ्या मापाने जमिनीवर आखा. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आखा, नाहीतर बटण दाराआड जातं. एसी आणि गीझरला आम्ही डीबीपासून (घरातल्या एमसीबीच्या मुख्य डब्यापासून) वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर ओढली. पाइप टाकून झाले की प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे देवघर टांगायला ड्रिल मारताना हेच फोटो उघडाल.

ओट्याची उंची मिस्त्री आपल्या सवयीने धरतो. आमची आई बुटकी. तिने चिरे रचून वर फळी टाकायला लावली, घरून परात आणली आणि उभ्या उभ्या कणीक मळून बघितली. दोनदा फळी खाली घ्यायला लावली, मग म्हणाली, “बस, इथेच.” टेप लावला तर 31 इंच. मिस्त्री 34 घालणार होता.

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, खालून ओल येते का बघा. फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओतून ढाळ बघायचा, तोही मिस्त्री समोर असताना.

आमची सगळ्यात महाग चूक घाईची. गिलावा मे महिन्यात, मुहूर्त जूनचा, त्यामुळे ओल्या भिंतीवरच पुट्टी आणि रंग उरकला. श्रावणात पापुद्रे सुटले, भिंतीला चिकटून ठोकलेल्या कपाटाच्या पाठीला बुरशी आली. राहायची घाई नसेल तर एक पावसाळा नुसत्या प्रायमरवर काढा. गळती कुठे आहे तेही दिसतं.

प्लायबद्दल एवढंच: सिंकखाली आणि बाथरूमलगत आयएस 710 शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय घ्या, आणि शिक्का बिलावर नाही, शीटवर बघा. बेडरूमच्या कपाटाला बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणारा पण मरीनपेक्षा खालचा प्लाय पुरतो. छताचं पीओपी फरशीच्या आधी, सुतार फरशीनंतर, रंगाचा शेवटचा हात सगळ्यांच्या मागून. सुतार यायच्या आधी फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा पातळ थर द्या, हातोडा एकदा तरी पडतोच.

आणि मॉड्युलर किचनवाल्याला भिंतीच्या टाइल्स लागल्याशिवाय माप घेऊ देऊ नका. आमच्याकडे त्याने नुसत्या गिलाव्यावरून माप नेलं. टाइल्सच्या जाडीएवढा खण अरुंद झाला, फ्रिज त्यात जाईना. तो अजून हॉलमध्ये आहे, टीव्हीशेजारी.