गल्ल्यावर हिशेब बिनचूक, पेपरात मात्र चुका: मुलाची बुद्धी वेगळ्या प्रकारची असते काय?

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब बिनचूक करणारा आपला सातवीतला मुलगा गणिताच्या पेपरात जेमतेम उत्तीर्ण होतो, तेव्हा त्याची बुद्धी ‘वेगळ्या प्रकारची’ आहे असे मानावे काय, असे आपण विचारले आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. निदान शाळांच्या माहितीपत्रकांत ज्या अर्थाने बुद्धीचे प्रकार मिरवले जातात, त्या अर्थाने तर नाहीच.

या प्रकारांची यादी हॉवर्ड गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. त्यांनी १९८३ मध्ये भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक अशा सात बुद्धिमत्ता मांडल्या आणि पुढे तीत निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर घातली. मेंदूला इजा झाल्यावर एखादी क्षमता जाते आणि दुसरी शाबूत राहते, हा त्यांच्या आधारांपैकी एक होता, आणि ते निरीक्षण खोटे नाही. परंतु ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवून दिले होते की शाळकरी मुलांचे निरनिराळ्या विषयांतले गुण बहुधा एकमेकांच्या सोबतीने वरखाली होतात, आणि नंतरच्या असंख्य चाचण्यांतही हेच आढळत आले आहे. एका विषयात कच्च्या असलेल्या मुलाला निसर्ग दुसऱ्या विषयात भरपाई करून देतो, ही पालकांना फार आवडणारी कल्पना आहे, पण तिला पुरावा नाही.

मग आपल्या मुलासारखी तफावत येते कोठून? याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलमधील रेसिफे शहरातले आहे. तेथे रस्त्यावर नारळ, फळे असा माल विकणाऱ्या, ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन त्यांना हिशेब विचारले आणि नंतर तीच गणिते कागदावर दिली. बाजारात सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसते आकडे मांडून दिलेल्या गणितांत अवघी ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ क्रुझेरोंना (तेथील तेव्हाचे चलन) एक या भावाने चार नारळांचे किती, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला की तीन नारळांचे एकशे पाच, त्यात तीस घातले की एकशे पस्तीस, म्हणून एकूण एकशे चाळीस. कागदावर ३५ गुणिले ४ हेच गणित आल्यावर मात्र त्याने चार पाचे वीस, शून्य मांडून हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, असे करत २०० हे उत्तर लिहिले.

हा हातचा आधी मिळवून मग गुणण्याचा घोटाळा आमच्याकडच्या कोणत्याही शिक्षकाने ओळखावा असाच आहे. पण दोन्ही वेळा मूल तेच, बुद्धी तीच. बदलली ती रीत. तोंडी हिशेबात तीस हे तीसच राहतात, त्यामुळे उत्तर भलतीकडे निघाले की लगेच खटकते. मांडणीत तीस हा नुसता ‘तीन’ होतो आणि दोनशे हे उत्तर जास्त आहे की कमी, हे तपासायला काहीच हाताशी उरत नाही. दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो, आणि त्यात उलट बाजूही दिसते: पुस्तकी गणिते जमणारी शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली.

क्षमता किती अरुंद असू शकते, याचा आणखी एक दाखला १९८० मधला आहे. ऐकलेले सातच अंक लक्षात ठेवू शकणारा एक अमेरिकी विद्यार्थी दीर्घ सरावाने ७९ अंकांपर्यंत पोहोचला, कारण तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून साठवत असे. अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला.

म्हणून मुलाला ‘व्यवहारी डोक्याचा’ असे नाव देऊन गणितातून त्याची सुटका करून देऊ नका. त्याने तोंडी केलेला हिशेब त्याच्याच शब्दांत त्याला वहीत लिहायला लावा, म्हणजे ३५ गुणिले ४ हे आधी तीस चोक एकशे वीस, मग पाच चोक वीस, असे उतरेल. शाळेची उभी मांडणी त्याच्या शेजारी ठेवून हातचे दोन म्हणजे नेमके कोणते वीस, हे त्यालाच दाखवू द्या. प्रत्येक उत्तर लिहिण्यापूर्वी ‘गिऱ्हाईक एवढे पैसे देईल का’ असे विचारण्याची सवय लावल्यास निम्म्या चुका तोच धरेल, असा माझा अंदाज आहे. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. शाब्दिक उदाहरण आपण मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्याला सुटत असेल आणि त्याने स्वतः वाचल्यावर सुटत नसेल, तर अडचण गणिताची नसून वाचनाची असू शकते. अशा वेळी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन वा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची तपासणी लवकर करून घ्यावी, कारण तसे प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळते.