ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. व्हिएन्नाच्या चार दिवसांतला एक दिवस शहराच्या कडेला पायी फिरायचं तू ठरवलं आहेस, याचा फार आनंद झाला. त्या दिवशी 'डी' ट्रामने शेवटच्या थांब्याला, नुसडॉर्फला उतर. बहुतेक पाहुणे 38ए बसने थेट काहलेनबर्ग डोंगराच्या माथ्यावर जातात, फोटो काढतात आणि त्याच बसने परततात. त्यांना वरून शहर दिसतं, पण ते संपतं कसं हे कळत नाही. तू चढ पायीच चढ. बस अडीअडचणीला राहू दे.

वाट क्रमांक 1 ची 'श्टाटवांडरवेग' आहे, म्हणजे शहरानेच आखलेली पायवाट. सुमारे 11 किलोमीटरचा हा फेरा नुसडॉर्फलाच परत येतो, चार तास धर. माथा 484 मीटरवर आहे. चढ तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेच्या साधारण निम्मा. वळणावळणावर 1 आकड्याच्या पाट्या आहेत. 1ए ही वेगळी वाट, तिच्या पाटीमागे जाऊ नकोस. पाच-सात मिनिटं एकही पाटी दिसली नाही, तर शेवटच्या पाटीपाशी मागे ये. पुढे सापडेल या आशेवर चालत राहणारेच चुकतात. नकाशा हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून घे.

थांब्याजवळच्या रस्त्याच्या नावात दातेरी रेल्वे आहे, म्हणजे दातेरी चाकावर चढ चढणारी गाडी. ती 1874 मध्ये इथून डोंगरावर जाऊ लागली. आता रूळ नाहीत, पण जुनं स्थानक उभं आहे. तिथून श्राइबरबाख ओढ्याकाठच्या बीथोव्हेनगांग या पायवाटेला लाग. घरं आणि बागा हळूहळू विरळ होतात आणि पुढे जंगल सुरू होतं. राजधानीच्या इतक्या जवळ जंगल उरलं, कारण 1905 मध्ये नगरसभेने शहराभोवती वनं आणि कुरणांचा पट्टा राखायचा ठराव केला. एप्रिलमध्ये गेलास तर झाडांखाली लसणाचा वास येईल. ती रानलसणीची पानं. ती तोडू नकोस, कारण तशाच दिसणाऱ्या विषारी वनस्पतीही तिथे उगवतात.

पाऊस पडून गेला असेल तर ओल्या पाल्यावर पाय सटकतो, म्हणून खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. माथ्यावरच्या थांब्यावर पोचताच बसच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेव. पाय दुखले, आभाळ भरून आलं, तर ही बस तुला हायलिगेनश्टाट मेट्रो स्थानकावर सोडते. 12 सप्टेंबर 1683 रोजी पोलंडचा राजा सोबिएस्की तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेला वेढा फोडायला याच डोंगरावरून खाली उतरला. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांचं राज्य होतं. सोबिएस्कीच्या सैन्याने पार केलेला उतार इथून एका नजरेत दिसतो.

उतरताना काहलेनबर्गर रस्ता धर, तो द्राक्षमळ्यांतून जातो. इथे घाई करू नकोस. एखाद्या रांगेपाशी थांबून पानं न्याहाळ: एका वेलीचं पान खोल कातरलेलं, शेजारचीचं जवळजवळ गोल. 'गेमिश्टर झाट्झ' या वाइनसाठी निरनिराळ्या जाती एकाच मळ्यात मिसळून लावतात, एकत्र तोडतात आणि एकत्रच गाळतात. घड मात्र तोडू नकोस, तो कोणाचा तरी वर्षभराचा घाम आहे. रस्ता डांबरी आहे, म्हणून गुडघ्यांवर ताण येतो. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घट्ट बांध, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात.

खाली दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की ते घर उघडं समज. हे हॉयरिगर. स्वतःच्या मळ्यातली वाइन घरीच विकायची मोकळीक शेतकऱ्यांना 1784 मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने दिली. पेय टेबलावर येतं, खाणं मात्र काउंटरवरून आपणच आणायचं. शाकाहारी असशील तर पावाबरोबर लिप्टाउअर घे, चीजचा लाल, मसालेदार लेप. दारू पीत नसशील तर 'ट्राउबेनझाफ्ट' माग, तो द्राक्षरस. रोख पैसे जवळ असू देत.

रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, म्हणून पाव आणि फळं शनिवारीच घे. बाटली हॉटेलच्या नळावरच भर. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून नळाने शहरात येतंय. वाटेत 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नकोस. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा सकाळी लवकर निघ. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

आणि गोचीड. ऑस्ट्रियात ती चावून मेंदूज्वर होऊ शकतो. लस आहे, पण तिचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचार. उंच गवतात जाऊ नकोस, पँट मोज्यांत खोच. रात्री गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत आणि कानांमागे नीट तपास. सापडली तर तेल लावायचं नाही, पिळायचं नाही. अगदी त्वचेलगत पकडून सरळ, सावकाश ओढायची. निमुळत्या टोकाचा चिमटा इथूनच घेऊन जा.