आधी विचार, मग पट्टी लाव

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांनी पुन्हा ब्युटी पार्लरच्या कामाला लागायचं तुझ्या मनात आहे, पण "सगळं विसरले असेन, आणि जे आठवतंय ते जुनं झालं असेल" असं लिहिलंयस. यातला पहिला भाग खोटा आहे. दुसरा अर्धा खरा आहे, आणि हे पत्र त्या अर्ध्यासाठी.

हाताची काळजी सोड. बसलेला हात असा उठून जात नाही. घरच्या कुणाला तरी समोर बसवून चार दिवस आयब्रो कर; दोऱ्याचा ताण बोटांना आपसूक आठवेल. (दोरा दातात धरायची आपली जुनी सवय मात्र तिथेच सोड. आता मानेला अडकवतात, आणि तेच बरं.) वॅक्सिंगसाठी स्वतःचा पाय घे. पहिल्या दहा पट्ट्या तू वरच्या दिशेने ओढशील, मी पैज लावते. मनगट लाजतं आणि हात वर जातो. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धर आणि पट्टी त्वचेला समांतर, एका झटक्यात ओढ. मध्येच तुटलेले केस दिसले तर समज, अजून वर ओढतेयस. आठवडाभरात जमेल.

जुनी झाली आहे ती आपली विचारायची पद्धत. हे मला कसं कळलं ते सांगते, कारण तू माझ्या हाताखाली शिकलीस तेव्हा ही गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. लाज वाटायची.

मीही मध्ये पाच वर्षं काम सोडलं होतं. परत आले त्या पहिल्याच आठवड्यात एक जुनी क्लायंट आली. आनंदाने आली, मिठी मारली, म्हणाली, "अपर लिप करा, नेहमीसारखंच." मीही नेहमीसारखंच केलं. वॅक्स मनगटावर लावून पाहिलं, गरमपणा बरोबर होता. पट्टी लावली, ओढली. आवाज नेहमीचा आला नाही. कोरडा 'चर्र' व्हायचा तिथे काहीतरी ओलं सोलल्यासारखं वाटलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्याच्या वर करंगळीच्या नखाएवढी जागा चकाकत होती, गुलाबी. वरची त्वचा पट्टीवर आली होती. ती ओरडली नाही, फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर कळलं, ती चार महिने डागांसाठी रात्री ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत होती. मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत."

त्या जागी काळा डाग पडला आणि जायला कित्येक महिने लागले. तिने मला माफ केलं. पण पुन्हा आली नाही.

तू काम सोडलंस तेव्हा असलं क्रीम लावणारी क्लायंट क्वचित भेटायची. आता रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक हे शब्द कॉलेजातल्या मुलींनाही पाठ आहेत आणि बाटल्या घरातच असतात. वरची त्वचा काढायचं जे काम आपण महिन्यातून एकदा, हात राखून करायचो, ते त्या रोज रात्री करतात. ट्रेटिनॉइन आणि त्याच्या कुळातली औषधं, अडापलीन धर, त्वचेच्या पेशी लवकर लवकर बदलायला लावतात. वरचा थर पातळ होतो, पेशींची एकमेकींना धरून राहायची ताकद कमी होते. वॅक्स केसाला चिकटतं तसं त्या सैल थरालाही चिकटतं. अशा त्वचेवर वॅक्स नाहीच. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही, आणि गोळ्या बंद झाल्यावरही सहा महिने थांबायचं. दोरा त्वचेला चिकटत नाही, म्हणून थ्रेडिंग त्यातल्या त्यात बरं. तेही जपून, आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगून.

आता विचारायचं कसं, तेही सांगते. "काही औषध चालू आहे का?" असं विचारलंस तर दहातल्या आठ जणी नाही म्हणतील. क्रीम म्हणजे औषध असं कुणाला वाटतच नाही. "रात्री झोपताना तोंडाला काय लावता?" असं विचार. "त्या ट्यूबचा फोटो आहे का मोबाइलमध्ये?" असं विचार. "गेल्या पंधरा दिवसांत चेहऱ्यावर कसलं इंजेक्शन घेतलंय का?" हेही विचार, पण दार बंद करून, हळू आवाजात. फिलर, म्हणजे चेहरा भरलेला दिसावा म्हणून टोचतात ते, घेतलेली बाई चार लोकांत कबूल करणार नाही, आणि ताज्या फिलरवर तू जोर लावून फेशियलचा मसाज करून बसशील. पेडिक्युअरला बसलेल्या बाईंना मधुमेह असेल तर पाण्याचा गरमपणा तुझ्या हाताने बघ, त्यांच्या पायाला विचारू नकोस; पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. ब्लेडने टाच किंवा कुरूप कापायचं नाही.

हे सगळं कार्डावर लिहायचं, तारीख घालायची, सही घ्यायची. जुनी क्लायंट असली तरी नवं कार्ड. जुनी असली तर दोनदा, असं मी म्हणेन. ओळखीची माणसं आपल्याला गाफील करतात.

पॅच टेस्टचंही तसंच, म्हणजे आधी थोडासा डाय लावून ॲलर्जी येते का ते बघायचं. "मी दहा वर्षं हाच डाय लावते" हे वाक्य तुला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. ॲलर्जी अशीच येते, वारंवार लावून लावून, एखाद्या दिवशी अचानक. डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची तर ही खोडच आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि डबीवर लिहिलंय तितका वेळ थांब. बहुतेक ठिकाणी ४८ तास लिहिलेलं असतं. घाईत असलेली बाई चिडेल. चिडू दे.

नखांचं काम तू सोडलंस तेव्हा जेल पॉलिश नवीन होतं, आता तो रोजचा धंदा आहे. त्यात ॲक्रिलेट नावाची रसायनं असतात. नीट न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं की त्याची ॲलर्जी होते, क्लायंटला होते आणि तुलाही. ती सहसा जन्मभर जात नाही. शिवाय त्याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, म्हणजे नखावरून सुरू झालेलं दुखणं डेंटिस्टच्या खुर्चीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून क्युटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असते त्या कातडीला, जेल लागू द्यायचं नाही, लागलं तर जेल वाळवायच्या दिव्याखाली हात घालायच्या आधी पुसायचं, आणि ज्या कंपनीचं जेल त्याच कंपनीने सांगितलेला दिवा वापरायचा. साधे नायट्राइल हातमोजे घातले म्हणून निर्धास्त राहू नकोस, ॲक्रिलेट त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. डाग पडला की मोजे बदल. नियमही हलत असतात. जेल वाळवायला मदत करणारं टीपीओ नावाचं रसायन युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. तू काम करशील तिथे काय नियम आहे ते बघ, आणि बाटलीच्या मागचं बारीक वाचायची सवय लाव.

जुनी पेटी उघडलीस असं लिहिलंयस. त्यातली हत्यारं ठेव. बाकी सगळं फेक. हळहळू नकोस. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२एम किंवा ६एम. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. तुझ्या डब्यांना नऊ वर्षं झाली. आणि ती निळ्या दिव्याची पेटी, जिच्यात आपण चिमटे ठेवून निश्चिंत व्हायचो, तिला निर्जंतुक करणारं यंत्र समजू नकोस. प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, चिमट्याच्या खाचेत तो पोचत नाही. आधी ब्रशने साबणपाण्यात घासायचं, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र: १२१ अंशाला १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला ३ मिनिटं. निळ्या पेटीत मग खुशाल ठेव, स्वच्छ झालेलं स्वच्छ राहावं म्हणून. वॅक्सच्या भांड्यात वापरलेला स्पॅच्युला पुन्हा बुडवायचा नाही, हे मी तुला तेव्हाही ओरडून सांगायचे. अजूनही सांगते.

कोर्सचं विचारलंयस. सगळे तुला कोर्स विकायला बसलेत आणि तू घाबरलेली आहेस, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून तू उत्तम. एका वेळी एकच घे, आणि ज्यात खऱ्या माणसावर काम करायला मिळतं तोच. नुसते व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळणार असेल तर ते भिंतीच्या कामाचं. मला विचारशील तर लॅश लिफ्टपासून, म्हणजे पापण्यांचे केस वर वळवायच्या कामापासून, सुरू कर. नाव नवं आहे, रसायन तुझ्या ओळखीचं: केस कुरळे करायच्या पर्मचं. पहिलं सोल्युशन केसातले बंध सोडवतं, दुसरं ते नव्या आकारात पुन्हा बांधतं. भुवयांचे केस बसवायचं ब्रो लॅमिनेशनही त्याच घरातलं. तुझ्या जुन्या वहीत हे सगळं आहे, फक्त तेव्हा आपण ते डोक्यावर करायचो.

प्रकाशाने केस काढायचं लेझर किंवा आयपीएलचं मशीन मात्र इतक्यात घेऊ नकोस. तो प्रकाश केसातला रंग शोधत जातो, आणि सावळ्या कातडीत तोच रंग कातडीतही असतो. म्हणून अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर बरा मानतात. चुकीच्या मशीनने झालेलं भाजणं मी पाहिलंय. बऱ्याच ठिकाणी या कामाला वेगळा परवानाही लागतो.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. हात विसरत नाही म्हणाले, पण हात दमतो. पहिले तीन आठवडे दिवसाला चारच क्लायंट घे. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवून बघ. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर तिथल्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) सुजायला लागल्यात, त्या दिवशी मसाज बंद आणि डॉक्टरकडे जायचं. बेड इतका उंच ठेव की पाठ न वाकवता कोपर सैल राहील. अंगठ्याने दाबायच्या जागी बोटांची पेरं, तळवा, कोपर वापर.

इंटरव्ह्यूत मधल्या वर्षांचं विचारतील. "घरी गरज होती, आता परत येतेय" एवढं पुरे. घर सांभाळलं म्हणजे मॅनेजमेंट शिकले, वगैरे भाषण देऊ नकोस. समोरच्या बाईनेही घर सांभाळलेलं असतं. ती तुला ट्रेड टेस्ट देईल, म्हणजे काम करून दाखवायला लावेल, तिथे बोल हाताने. आणि पगार नऊ वर्षांपूर्वीचा सांगू नकोस. बुजलेली माणसं हमखास तेच करतात.

पुढच्या गुरुवारी माझ्याकडे ये. दुपारी कुणी नसतं. तुझी पहिली क्लायंट मीच, अपर लिप करायचंय. कार्ड तू घेऊन ये, पेन माझ्याकडे आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी मला मध्यंतरी एक ट्यूब लिहून दिली आहे. ती कुठली आणि किती दिवस लावतेय, ते तू विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

तुझी,
मॅडम (तू अजून तेच म्हणतेस, म्हणून)