घर-जमीन सल्ला: 'आरएल आहे' म्हटलं की झालं का?

प्रश्न: मानेवाडा भागात 1998 साली बांधलेलं एक स्वतंत्र घर पसंत पडलं आहे. प्लॉट 1500 चौरस फुटांचा. घर आतापर्यंत तीनदा विकलं गेलंय. मालक म्हणतात, 'नासुप्रचं आरएल आहे, टॅक्स भरलेला आहे, डोळे मिटून घ्या.' तेवढं पुरे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: डोळे उघडे ठेवूनच घ्या. नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल, म्हणजे नियमितीकरण पत्र, प्लॉट नियमित झाल्याचं सांगतं. त्यावरच्या घराचा नकाशा मंजूर आहे की नाही, हा वेगळा कागद, तो मागाच. टॅक्सची पावती तर मालकीचा पुरावाच नव्हे.

मौजा, खसरा (सर्व्हे) क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा आरएलवर, विक्रीपत्रात आणि जागेवर एकच आहेत का, ते ताडा. 1500 चौरस फूट म्हणजे 139.35 चौरस मीटर. आरएलवर 125 असेल, तर सुमारे 154 चौरस फूट जागा कमी आहे. बहुधा रस्त्यात गेलेली. भाव करताना आरएलचाच आकडा धरा, आणि टेप लावून स्वतः मोजा. ले-आऊटचा मंजूर नकाशाही पाहा. मोकळी जागा किंवा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जागेतून पाडलेले प्लॉट विकले गेल्याच्या तक्रारी आपल्या शहराला नव्या नाहीत. डिमांड नोट, म्हणजे नासुप्रने प्लॉटसाठी मागितलेली रक्कम, पूर्ण भरल्याच्या पावत्या नसतील, तर ती रक्कम उद्या तुमच्या माथी येईल.

आता तीन विक्रींचं. आधीच्या विक्रीपत्रातला खरेदीदार हाच पुढच्या विक्रीपत्रातला विकणारा हवा. ही साखळी मूळ शेतमालकापर्यंत किंवा प्लॉट पाडणाऱ्या सोसायटीपर्यंत जोडा. ती बहुधा दोन जागी तुटते. एक, मधला व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारनाम्यावर झालेला असतो. अशाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसरी, मालक वारल्यावर फक्त मुलांनी सह्या केलेल्या असतात आणि लग्न झालेल्या बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसतं. हा घोळ फार सामान्य, आणि निस्तरायला सगळ्यात किचकट.

सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचा गोषवारा) शोध 30 वर्षांचा घ्या. 2002 नंतरच्या नोंदी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. त्याआधीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत काढाव्या लागतील. मूळ विक्रीपत्र 'हरवलं' असं ऐकलं, तर ते बँकेत गहाण नाही ना, याची आधी खात्री करा. इसार देण्यापूर्वी वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकतींसाठी साधारण 15 दिवस ठेवतात. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची.

प्रश्न: त्याच घराच्या भिंतींना तडे आहेत. आणि परिसरात नेमकं काय पाहावं?

उत्तर: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा तडा पायाचा असू शकतो, इंजिनिअरला दाखवा. नुसत्या प्लास्टरचे केसासारखे बारीक तडे रंगकामात जातात.

घर एकदा मे महिन्यात पाहा. बोअरला पाणी किती वेळ येतं, नळ किती वाजता, वरच्या टाकीत ते मोटरशिवाय चढतं का, हे तेव्हाच कळतं. नाल्याच्या उताराकडे घर असेल, तर शेजाऱ्यांना 23 सप्टेंबर 2023 च्या पुराचं विचारा. त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कंपाऊंडवर नवा रंग फक्त खालच्या दोन-तीन फुटांवरच दिसला, तर शंका घ्या. गच्चीवरून उच्चदाब वाहिनी जवळ दिसली, तर वरचा मजला मंजूर होईल या भरवशावर पैसे मोजू नका. मेट्रो जवळ आहे म्हणून भाव चढवून सांगत असतील, तर स्टेशनपर्यंत दुपारी दोन वाजता पायी जाऊन पाहा.