गोव्यात फ्लॅटमधल्या मांजरांसाठी स्वस्त आणि वास न येणारं लिटर कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहता, दोन मांजरं आहेत, दोन्ही दाराबाहेर पाय टाकत नाहीत, लिटरवर (म्हणजे मांजराच्या शी-मुताच्या टबात घालायच्या माती-भुशावर) महिन्याला दीड हजाराच्या वर जातात आणि एवढं करूनही पाऊस लागला की दार उघडल्या उघडल्या वास येतो, तर स्वस्त आणि कामाचं असं कुठलं घ्यावं. सरळच सांगते, बिनवासाचं, बारीक दाण्याचं, मूत लागलं की गोळा धरणारं बेंटोनाइट मातीचं लिटर घ्या, मोठी पिशवी घ्या आणि घरी आणल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. मी फोंड्याला फ्लॅटमध्येच राहते, मांजरंही एकापेक्षा जास्त आहेत, आणि बाजारात मिळणारे बहुतेक प्रकार घरात येऊन गेलेत, शेवटी गाडी बेंटोनाइटवरच येऊन थांबली.

आता का ते सांगते. दुकानात आपण किलोचा भाव बघतो तिथेच फसतो, बघायचा असतो महिन्याचा हिशेब. समजा एक साधं मातीचं, गोळा न धरणारं लिटर ५० रुपये किलो आहे आणि दुसरं गोळा धरणारं ९० रुपये किलो. ५० वालं स्वस्त वाटतं. पण त्यात मुतलेलं सगळं खाली झिरपतं, तळाशी साचतं, वरवरची शी उचलली तरी आठवड्याभरात अख्खा टब ओतून टाकावा लागतो, म्हणजे दर आठवड्याला चार किलो धरलं तर महिन्याला सोळा किलो, झाले ८०० रुपये. ९० वाल्यात ओला गोळा तेवढा उचलायचा, बाकीचं कोरडंच राहतं, कमी झालं तेवढी भर घालायची, एका मांजराला महिन्याला साधारण पाच किलो पुरतं, म्हणजे ४५० रुपये. भाव तुमच्या दुकानात वेगळे असतील पण गणित हेच.

ही बेंटोनाइट म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेली माती, आपल्याकडे मुख्यतः गुजरातमधल्या कच्छमधून आणि राजस्थानात बाडमेरकडून येते, त्यामुळे परदेशी पिशवीच्या मागे लागायची काही गरज नाही, देशी माल चांगला असतो. तसं बघायला गेलं तर मांजराला माती द्यायची ही आयडियाच जुनी नाही, अमेरिकेत १९४७ मध्ये एड लो नावाच्या माणसाने शेजारणीला राखेच्या ऐवजी फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती दिली आणि तिथून हा धंदा सुरू झाला, गोळा धरणारं लिटर तर १९८० च्या दशकात आलं. बेंटोनाइटमध्ये पण दोन जाती आहेत, सोडियमवाली पाणी लागलं की फुगते आणि घट्ट गोळा धरते, कॅल्शियमवाली पाणी पिते पण तशी फुगत नाही. पिशवीवर हे लिहिलेलं असेलच असं नाही आणि दुकानदाराला विचारलं तर तो "सगळं सेम आहे मॅडम" म्हणणार. म्हणून आधी एक किलोची पिशवी आणा आणि घरीच बघा. वाटीभर लिटर घ्या, मधोमध दोन चमचे पाणी सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मग चमच्याने अलगद उचला. गोळा अखंड वर आला, वीतभर उंचीवरून ताटात सोडल्यावर फुटला नाही आणि वाटीचा तळ कोरडा राहिला तर माल चांगला. कडेचे दाणे भुरूभुरू सुटले, किंवा पाणी खाली उतरून तळाला चिकट लगदा बसला, तर पिशवी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, कारण टबात नेमकं तेच होणार आणि तो लगदा खरवडत बसणार तुम्ही. ओतताना धूळ किती उडते तेही खिडकीच्या उजेडात बघून घ्या, घरात कुणाला दमा असेल तर धुळीवरूनच ठरवा.

वाटीच्या परीक्षेत पास झालं की मग दहा किंवा वीस किलोची पिशवी घ्या, आणि आजूबाजूला आणखी कुणी मांजरवालं असेल तर मिळून मागवा, मोठ्या पिशवीत किलोमागे चांगला फरक पडतो.

आता पावसाळ्याचं, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे आणि यूट्यूबवरचे सगळे सल्ले कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, डब्यातला पापड मऊ पडतो तिथे लिटरची काय कथा. सिलिका क्रिस्टल म्हणजे नवीन बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात त्यातलाच माल, हवेतलं पाणी ओढणं हेच त्याचं काम, त्यामुळे मांजर येण्याआधीच ते अर्धं भरलेलं असतं. पाकिटावर महिनाभर टिकेल असं लिहिलेलं असतं पण भर पावसात त्यातला निम्मा वेळही निघत नाही, एकदा भरलं की वास एकदम सुटतो, आणि त्यात गोळा होत नसल्यामुळे सगळंच फेकावं लागतं. महाग ते महाग आणि वर हे. डिसेंबर-जानेवारीत ठीक चालतं, हौस असेल तर तेव्हा वापरा.

टोफू लिटरचं सध्या फार कौतुक चाललंय, सोयाबीनच्या चोथ्यापासून करतात, धूळ नाही, हलकं असतं, मांजराच्या पंजाला चिकटून घरभर होत नाही, हे सगळं खरं. पण ते शेवटी धान्यच. पाकीट उघडं राहिलं की मुंग्या लागतात, नाहीतर किडे होतात, आणि आषाढात तर टबाच्या कोपऱ्यात बुरशी धरते. किलोचा भाव बेंटोनाइटच्या दुप्पट-तिप्पट. ते फ्लश करता येतं हा त्याचा मोठा गुण सांगतात, पण आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगांना सेप्टिक टँक आहेत, सीवरेज काही भागातच आहे, आणि टँकमध्ये रोज भुशासारखा चोथा सोडायला लागलात तर सोसायटीची मीटिंग तुमच्याच नावाने भरेल.

लाकडाचे पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, हा मात्र खरा दुसरा पर्याय आहे, बेंटोनाइटची धूळ सोसत नसेल तर हेच घ्या. मुतलं की गोळी फुटून भुसा होतो, लाकडाचा वास मुताचा वास बऱ्यापैकी दाबतो. त्याला एकावर एक दोन टब लागतात, वरच्याला भोकं, हलवलं की भुसा खाली पडतो आणि अख्ख्या गोळ्या वर राहतात, असा तयार ट्रे महाग मिळतो पण साधे दोन टब आणि ड्रिल मशीन असलं की घरी होतो. दोन अडचणी आहेत, एक म्हणजे काही मांजरांना जाड गोळ्यांवर पाय ठेवायलाच आवडत नाही, मांजराची जात मुळात कोरड्या रेताड मुलखातली, त्यांना बारीक मऊ रेतीसारखं उकरायला पाहिजे असतं. दुसरी म्हणजे बॉयलरसाठी जे स्वस्त पेलेट विकतात ते नुसत्या लाकडाचे असतीलच असं नाही, कसला कसला शेतीचा कचरा दाबून केलेले असतात, त्यामुळे कशाचे आहेत ते कळल्याशिवाय घेऊ नका.

बाकी फुकटातले उपाय लोक सांगतील तुम्हाला. किनाऱ्यावरची रेती नको, त्यात मीठ, ओलावा, भटक्या कुत्र्या-मांजरांची घाण आणि पिसवा, वर ती उचलणं कायद्यात बसत नाही ते वेगळंच. सुताराकडचा भुसा आजकाल बहुतेक प्लायवुडचा असतो, त्यात गोंद आणि केमिकल. चुलीची राख ओली झाली की क्षार सुटून पंजे भाजतात. भाताचं तूस पाणी फारसं पीत नाही. कोकोपीट पाणी भरपूर पितं पण अंगाला चिकटून गादीपर्यंत पोचतं. फाटलेलं वर्तमानपत्र ऑपरेशननंतर चार दिवस ठीक, कायमचं नाही. गावच्या घरी कशाचाच प्रश्न नसतो, मांजर भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, जाऊन आपलं उकरून येतं, पण फ्लॅटमध्ये तो रस्ता बंद.

आता वासाचं. लॅव्हेंडर, लिंबू, कॉफी असल्या सुगंधाचं लिटर घेऊ नका, तो सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्याला तो सहन झाला नाही तर ते टब सोडून सरळ तुमच्या गादीवर जाईल आणि गादीचा खर्च लिटरच्या खर्चात धरावा लागेल. मुतातल्या युरियाचं जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होतं तेव्हा तो डोळ्यात जाणारा वास सुटतो, म्हणजे गोळा जितका लवकर टबाबाहेर तितका वास कमी, एवढंच शास्त्र आहे. सकाळ-संध्याकाळ दोनदा उचला. लिटर दोन-तीन इंच जाड ठेवा, कंजुषी करून एक इंच ठेवलंत तर मूत तळाला लागतं, गोळा टबाला चिकटतो आणि उलट जास्त वाया जातं. तळाला मूठभर खाण्याचा सोडा भुरभुरवला तर चालतो. उचलायला बाजारातला प्लास्टिकचा स्कूप दोन महिन्यांत वाकतो, मी स्टीलचा झारा वेगळा ठेवलाय, मोठ्या भोकांचा, बारीक दाणे झरझर खाली पडतात आणि गोळा न फुटता वर येतो (तो झारा स्वयंपाकघरात दिसला तर आमच्या सासूबाई घर सोडतील). टबसुद्धा पेट शॉपमधला छोटा सुबक नको, कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी पाहिजे, आणि एका बाजूने कापून दार करा, कड घासून घ्या म्हणजे लागणार नाही. कड उंच राहिली की उकरताना लिटर बाहेर उडत नाही, तीही बचतच.

दोन मांजरांना खरं तर तीन टब पाहिजेत, मांजरं अधिक एक असा नियम आहे, फ्लॅटमध्ये जागा नसेल तर निदान दोन ठेवा पण शेजारी-शेजारी नको, वेगवेगळ्या खोलीत. आणि जिथे अंघोळ करता त्या न्हाणीघरात नको, तिथली वाफ लिटरची वाट लावते. पावसात टबाजवळ पंखा किंवा एक्झॉस्ट चालू राहिला तर खूप फरक पडतो. महिन्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडा करूनच नवीन लिटर घाला. फिनेल अजिबात नको, फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही, ते पंजे चाटतं आणि विषबाधा होते. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी गॅस होतो. आणि तुमच्या दोन मांजरांतला एखादा बोका असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर जगातलं कुठलंही लिटर त्या वासाला पुरं पडणार नाही, ते काम आधी उरका.

लिटर बदलताना एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठवडाभर घ्या, नाहीतर दुसऱ्या टबात नवीन ठेवून मांजर कुठे जातंय ते बघा. तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर गोळा धरणारं लिटर देऊ नका, पिल्लं खाऊन बघतात आणि ते पोटात फुगतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने टबाला हात लावायचा नाही, टोक्सोप्लाझ्मा हा जंतू शीतून येतो, पण तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून रोजच्या रोज उचललं तर धोका बराच कमी होतो. यासाठी मांजर सोडून द्यायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

गोळा धरणाऱ्या लिटरचा एक फायदा पैशात मोजता येत नाही. रोज गोळे दिसतात, एका मांजराचे साधारण दोन ते चार, लहान बटाट्याएवढे. एखाद्या दिवशी गोळेच नाहीत, किंवा सुपारीएवढे बारीक बारीक खूप आहेत आणि मांजर पुन्हा पुन्हा जाऊन बसतंय, तर थांबू नका, विशेषतः बोका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बोक्यांची लघवीची वाट अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. सिलिकात किंवा पेलेटमध्ये हे इतकं स्वच्छ कळत नाही.

राहिलं टाकायचं कुठे. बेंटोनाइट कमोडमध्ये कधीच नाही, ती पाइपात फुगून बसते. ओल्या कचऱ्यातही नको, तुमच्या जवळचाच साळगावचा प्रकल्प ओल्या कचऱ्यापासून गॅस करतो, तिथे माती कुणाला हवी. गोळे वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत बांधा आणि डायपर-पॅड ज्या कचऱ्यात देता त्यातच द्या, तरी प्रत्येक पंचायतीची पद्धत वेगळी असते म्हणून गाडीवाल्याला एकदा विचारून घ्या. पेलेट वापरलेत तर शी वगळून उरलेला भुसा जास्वंद-अबोलीच्या कुंडीत कुजवता येतो, फक्त तांबडी भाजी किंवा कोथिंबीर लावलेल्या कुंडीत घालू नका.