युद्ध झालेले शेजारी देश पाण्यासाठी खरंच एकत्र येतात का?

तुम्ही विचारलंय की एकमेकांशी लढलेले देश नदी, शेती, पाणी यांसाठी खरोखर एकत्र काम करतात का, आणि त्यातून पुढे शांतता येते का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, माझ्या मते, नाही.

इस्रायल आणि जॉर्डन १९९४ पर्यंत कागदोपत्री युद्धातच होते. तरी यारमुक नदी जॉर्डन नदीला मिळते त्या भागात दोन्हीकडचे पाण्याचे अधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने वर्षानुवर्षं भेटत राहिले. विषय साधे असत. पात्रात साचलेली वाळू कधी काढायची, उन्हाळ्यात कुणी किती पाणी घ्यायचं. या भेटींना 'पिकनिक टेबल' चर्चा असं नावच पडलं.

२६ ऑक्टोबर १९९४ च्या शांतता करारात पाण्याचं वेगळं परिशिष्ट आलं, त्याच्यामागे ही सगळी ओळख होती. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. इस्रायलने हिवाळ्यात यारमुकमधून २० दशलक्ष घनमीटर पाणी जास्तीचं घ्यायचं आणि उन्हाळ्यात तेवढंच जॉर्डनला परत करायचं. आपल्याकडच्या हिशेबात हे पाऊण टीएमसीसुद्धा भरत नाही, आणि एकटं सोलापूरचं उजनी धरण ११७ टीएमसीचं आहे. तिथे पाणीच इतकं कमी आहे की एवढ्यासाठीही कलम लिहावं लागलं.

पण दुष्काळ पडला तर तूट कशी वाटून घ्यायची, हे त्या परिशिष्टात ठरलंच नव्हतं. १९९९ च्या दुष्काळात इस्रायलने पाणी कमी देणार असं सांगितलं आणि जॉर्डनमध्ये संताप उसळला. शेवटी तोडगा निघाला, पण करार पुरता हादरला. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. शहरासाठी उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे कर्नाटक. वाटेत मोटारींनी ते उचलू नये म्हणून नदीकाठची वीज तोडतात. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, बंदुका कुणाकडे नाहीत, तरी एप्रिल-मेमध्ये शब्दाला शब्द लागतो. म्हणून टंचाईचं कलम आधी लिहावं, सुगीचं नंतर, असं मी ठामपणे म्हणेन.

शेतातलं एक उदाहरण मला याहून आशादायक वाटतं. इस्रायलच्या बेट शेआन खोऱ्यात उंदरांसाठी टाकलेल्या विषाने शिकारी पक्षी मरत. १९८३ मध्ये तिथल्या स्दे एलियाहू या सामुदायिक वसाहतीत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात झाली, म्हणजे उंदीर घुबडांनीच खावेत. घुबडं रात्री जॉर्डन नदी ओलांडून पलीकडे जॉर्डन देशातही जातात, तेव्हा पलीकडे विष असेल तर अलीकडचं कामही वाया. २००२ च्या सुमारास जॉर्डनचे शेतकरी यात आले. आपल्यासारखंच तिकडेही घुबड अशुभ मानतात, त्यामुळे मन वळवणं अवघड होतं. जॉर्डनचे निवृत्त जनरल मन्सूर अबू राशिद यांनी ते काम अंगावर घेतलं. सैन्यात आयुष्य काढलेल्या माणसाने घुबडांच्या पेट्यांसाठी गावोगाव बोलणी करावीत, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

मात्र दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसेल तर 'सहकार्य' हा शब्द जपून वापरावा. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानंतर इस्रायली आणि पॅलेस्टिनींची संयुक्त जल समिती झाली. कागदावर दोघांची संमती लागते. पण १९६७ पासून पॅलेस्टिनींना जॉर्डन नदीचं पाणीच घेता येत नाही, आणि वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागात, नवी विहीर घ्यायची तर परवानगीसाठी खेटे त्यांनाच घालावे लागतात. बरोबरीची वाटाघाट मी याला म्हणणार नाही.

आता शांततेबद्दल. भारत-पाकिस्तानमधला सिंधू नदीच्या पाण्याचा करार १९६० चा, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही तो टिकला, पण युद्धं काही त्याने थांबवली नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्डनने ६०० मेगावॉट सौरवीज द्यायची आणि इस्रायलने २०० दशलक्ष घनमीटर गोडं केलेलं समुद्राचं पाणी, असा आराखडा ठरला. दोघांनाही त्याची गरज होती, आजही आहे. गाझात युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जॉर्डनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सही करणार नाही असं जाहीर केलं.